छोटी हायब्रिड आणि मधली खोली

३ जून

ति. दादास, धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझी आणि वहिनीची खुशाली कळली. इकडे आम्ही दोघं ठीक. अण्णांचा गुडघा कुरकुरतो, पण अण्णा स्वतः त्याहून जास्त कुरकुरतात, त्यामुळे गुडघ्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

बातमी अशी की मला बढती मिळाली. सतरा वर्षं दिव्यासमोर चष्म्याची भिंगं धरून ओरखडे शोधले, आता नव्या कारखान्यातला अख्खा तपासणी विभाग माझ्या हाताखाली. चौदा माणसं, स्वतःची खोली, आणि खोलीला दारसुद्धा. आनंदाने उडी मारणार होते, तेवढ्यात नवा कारखाना कुठे आहे ते कळलं. घरापासून चौऱ्याहत्तर किलोमीटर, सगळा हमरस्ता. आपली जुनी गाडी सत्तरच्या पुढे गेली की तिचं मागचं दार टाळ्या वाजवतं.

माझ्यापुढे दोनच वाटा आहेत. नवी गाडी घेऊन रोज ये-जा करायची, ही पहिली. जो तो म्हणतो छोटी हायब्रिड घे, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालते. मग मी सकाळी सातला निघणार, संध्याकाळी सातला परतणार; दिवसभर शेजारच्या शिंपीणबाई अण्णांकडे लक्ष द्यायला तयार आहेत. दुसरी वाट म्हणजे कारखान्याजवळ मी खोली घ्यायची आणि अण्णांनी तुझ्याकडे यायचं. त्यांना एकटं ठेवणं आता शक्य नाही. गेल्या महिन्यात दोनदा गॅस चालू ठेवून ते फिरायला गेले.

अठरा वर्षं ते माझ्याजवळ आहेत आणि मला त्यांचा कंटाळा आलेला नाही, हे आधीच सांगते. पण रोज अडीच तास गाडीत बसून वर चौदा माणसं सांभाळणं माझ्याने किती दिवस होईल, याची मला भीती वाटते. एक ऑगस्टला रुजू झाले नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. म्हणून सरळ विचारते, अण्णा तुझ्याकडे येतील का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

फोन केला असता, पण घरचा नियम तुला ठाऊक आहे. अण्णांनी तीस वर्षं ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षा घेतल्या, तोंडी अर्ज कधी घेतला नाही. महत्त्वाचं ते कागदावरच. घरी आलेलं प्रत्येक पाकीट अजूनही तेच फोडतात, त्यावर आवक क्रमांक टाकतात आणि मगच माझ्या हाती देतात. तेव्हा काय लिहायचं ते बेताने लिही.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, त्यात उत्तराची भर पडावी.

तुझी,
धाकटी

११ जून

चि. धाकटीस, अ. उ. आ.

पत्र पोचलं. बढतीबद्दल अभिनंदन, घराण्याचं नाव काढलंस. आता मुख्य प्रश्नाकडे वळतो, म्हणजे गाडीकडे.

गेले पाच दिवस मी या विषयाचा अभ्यास करतो आहे. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात कामाचा ताण असतो, तरी जेवणाच्या सुट्टीच्या आधी आणि नंतर वेळ काढून तीन तक्ते केले, ते सोबत जोडले आहेत. मी स्वतः गाडी चालवत नाही हे खरं, पण त्यामुळेच माझं मत निःपक्षपाती आहे. चालवणारे लोक आपापल्या गाडीच्या प्रेमात असतात.

हायब्रिडचं मर्म असं की ब्रेक लावला की एरवी वाया जाणारी शक्ती वीज होऊन बॅटरीत परत जाते. म्हणजे जितके ब्रेक तितकी बचत. यावर आमच्याकडच्या मीटर दुरुस्तीवाल्याने शंका काढली की हमरस्त्यावर ब्रेक फारसे लावावेच लागत नाहीत, मग बचत कुठून होणार. तो मुळातच नाट लावणारा माणूस आहे. मी त्याला सांगितलं की लावायचे म्हटलं तर कुठेही लावता येतात.

रोज दीडशे किलोमीटर म्हणजे फार वाटतं, पण तू बसलेलीच असणार. वाटेत विचार करायला वेळ मिळेल. तुला हवा असतो ना एकांत? शिवाय अण्णांना तुझी सवय आहे. या वयात माणसाला जागेवरून हलवू नये असं मी कुठेतरी वाचलं आहे. कुठे ते सापडलं की कळवतो. दुसऱ्या वाटेबद्दल सवडीने लिहीन.

गाडीचा कॅटलॉग वेगळ्या पाकिटाने पाठवतो आहे. त्यातलं पान चौदा तू स्वतः नीट बघ. अगदी तांत्रिक आहे, अण्णांना त्याचा त्रास देऊ नकोस.

अण्णांना माझा शि. सा. न. सांग. कृपादृष्टी त्यांची, आशीर्वाद आमचा.

तुझा,
दादा

(कॅटलॉगच्या चौदाव्या पानात ठेवलेली चिठ्ठी)

धाकटे, हे फक्त तुझ्यासाठी. अण्णा जाहिराती वाचत नाहीत म्हणून इथे ठेवतो आहे.

अण्णांना इकडे आणणं जमणार नाही. मधल्या खोलीत ट्रेडमिल आहे. त्यावर कपडे वाळतात, पण आहे.

तुला खोटं कशाला सांगू? ट्रेडमिलचं काही नाही. एकविसाव्या वर्षी त्यांनी मला एका महिन्यात तीनदा नापास केलं, पोटच्या मुलाला, रांगेतल्या लोकांदेखत. त्यानंतर मी चाकाला हात लावला नाही. आज बावन्नाव्या वर्षीही ते समोर असले की माझ्या हातून चहा कपाबाहेर जातो. रोज त्यांच्यासमोर बसायचं माझ्याने होणार नाही. तू गाडी घे. हमरस्त्याला चालो न चालो, घे. आणि ही चिठ्ठी फाडून टाक.

२४ जून

ति. दादास, सा. न. वि. वि.

तुझे पाच पानी विचार मिळाले. गाडीवर पावणेपाच पानं आणि बापावर पाव, हे प्रमाण मी भिंगातून तपासून पाहिलं, तेवढंच निघालं.

रविवारी आम्ही गाडी चालवून बघायला गेलो. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात पेन्सिल आणि हातात जुनी गुणांची वही घेऊन निघाले. आधी शोरूमच्या विक्रेत्याने गाडी फाटकाबाहेर काढली. तेवढ्यात अण्णांनी त्याला नापास केलं. आरसा पाहिला नाही, आणि चालवताना बोलतो. बिचारा म्हणाला की बोलणं हेच त्याचं काम आहे. त्यावर अण्णांनी आणखी दोन गुण कापले.

मग हमरस्त्यावर मी चाक हातात घेतलं. पुढच्या पडद्यावर एक हिरवा बाण आहे, ब्रेक लावला की तो बॅटरीकडे पळतो. अण्णांनी तुझं पत्र वाचलेलंच होतं. बाण पाहिल्यावर त्यांना चेव आला. मोकळा रस्ता, पुढे चिटपाखरू नाही, आणि हे मागून हुकूम सोडतायत की लाव ब्रेक, फुकटची वीज आहे. आठ किलोमीटरमध्ये मी सोळा वेळा ब्रेक लावले. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने आम्हाला ओलांडताना आपल्या सात पिढ्यांची चौकशी केली. विक्रेता डोळे मिटून बसला होता.

ट्रकला मागे टाकायला मी पाय दाबला, तर इंजिनाने मिक्सरमध्ये खडे टाकल्यासारखा आवाज काढला आणि गाडी जेमतेम पुढे सरकली. आकडा म्हणशील तर हमरस्त्यावर लिटरला एकोणीस, आणि परतताना शहराच्या गर्दीत सत्तावीस. आमच्या कारखान्यातल्या यंत्रदुरुस्तीच्या इंजिनिअरबाई म्हणाल्या की यात नवल काहीच नाही. एका वेगाने लांब जायचं असेल तर सगळी ओढ इंजिनालाच पडते, बॅटरी पाहुणीसारखी बसून येते. थांबत-थांबत जायचं असेल तेव्हा ती कामाला लागते. तुझ्या मीटर दुरुस्तीवाल्याला माझा नमस्कार सांग, माणूस शहाणा आहे.

एक मात्र खरं. शहरात ती गाडी इतकी गुपचूप चालते की सिग्नलला बंद पडली की काय असं वाटावं. तिथे अण्णा पहिल्यांदाच वहीत काही न लिहिता बसून राहिले. उतरताना बॉनेटवर थाप मारून म्हणाले की हिचा स्वभाव चांगला आहे, फक्त हिला चुकीच्या रस्त्यावर आणू नये.

कॅटलॉग आला, आवक क्र. ११८. पण माझ्या हाती अजून पडलेला नाही. तांत्रिक आहे असं तूच लिहिलंस, त्यावर अण्णा म्हणाले की तांत्रिक असेल तर आधी मी बघतो. चार दिवस पहिल्या पानापासून पेन्सिल घेऊन वाचतायत. काल तेराव्या पानावर होते. आज सकाळी त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवली आणि दुपारचा चहाही नको म्हणाले.

आता तरी सांग, अण्णांना नेणार का? पाच आठवडे उरलेत. मला ही जागा हवी आहे रे दादा. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी मोठ्याने मागितली आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

२९ जून

चि. धाकटीस, अ. उ. आ.

घाईत लिहितो आहे. तो कॅटलॉग अण्णांकडून ताबडतोब काढून घे. तो जुन्या आवृत्तीचा असल्याचं कळलं आहे, विशेषतः चौदाव्या पानावर छपाईची मोठी चूक आहे. वाचणाऱ्याचा गैरसमज होऊ शकतो. अण्णांनी त्यावर विश्वास ठेवू नये असं त्यांना माझ्यातर्फे आदरपूर्वक सांग. गुडघा शेकायलाही सांग.

मधल्या खोलीचं सहज माप घेतलं. ट्रेडमिल दारातून बाहेर निघत नाही. तुझ्या वहिनीचं म्हणणं की ती त्याच दारातून आत आली होती. वहिनी हल्ली माझ्याशी फारशी बोलत नाही, आणि जे बोलते ते असंच असतं.

ट्रकवाल्याच्या बाबतीत मला वाईट वाटलं. जितके ब्रेक तितकी बचत हे मी शहराच्या संदर्भात म्हणालो होतो.

उलट टपाली कळव. अण्णांचा लोभ माझ्यावर पूर्वी होता तेवढा तरी राहावा.

तुझा,
दादा

६ जुलै

चि. थोरल्यास, अ. आ. वि. वि.

तुझं २९ तारखेचं पत्र, आवक क्र. १२३, पोचलं. चौदाव्या पानावर छपाईची चूक नाही. अक्षर तुझंच आहे. धाकटीला चिठ्ठी दाखवलेली नाही. तिच्या नावचा कागद मी तिच्यापासून दडवला, असं मी आयुष्यात प्रथमच केलं. तिला तुझा राग येऊ नये एवढाच हेतू.

गाडीचा निकाल असा. हमरस्त्यावर रोज ये-जा करायला ही छोटी हायब्रिड नापास. पोरगी दमेल, गाडीही दमेल. शहरात मात्र ती पास आहे. तू शहरात राहतोस. तुझ्या दारापासून तुझ्या कचेरीपर्यंत नऊ सिग्नल आहेत, हे तुझ्याच तक्त्यात आहे. तेव्हा गाडी मी घेतली आहे. जुनी दिली आणि वर माझी शिल्लक घातली. धाकटीने कारखान्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर खोली पाहिली आहे. या महिन्याच्या पंचवीस तारखेला ती गाडी चालवत तुझ्याकडे येईल, गाडी आणि मला सोडेल आणि बसने आपल्या कामाला जाईल. ती पास झालेली आहे, तिला अडकवून ठेवायचा हक्क तुला नाही आणि मलाही नाही.

तुला मी नको आहे, हे वाचून वाईट वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. तुझं म्हणणं खोटं असतं तर जेवण गेलं असतं.

आता जे सांगायचं ते सांगतो. पहिल्या दोन खेपांना तू खरोखर नापास होतास. तिसऱ्या खेपेला नव्हतास. चढावर गाडी थांबवून पुन्हा सोडलीस, ती इंचभर मागे आली नाही. वहीत मी पंचवीसपैकी तेवीस लिहिले. मग मान वर केली तर सगळी रांग माझ्याकडे बघत होती. बापाने पोराला पास केलं असं म्हणतील, या भीतीने मी खाली नापास लिहिलं. पुढे लोकांनी माझ्या सचोटीची वाहवा केली, आणि ती मी एकतीस वर्षं ऐकून घेतली. तुझ्या हातातून चहा सांडतो, त्यात चूक तुझ्या हाताची नाही.

ट्रेडमिल असू दे. मी तिच्या शेजारी झोपेन, माझे कपडेही तिच्यावरच वाळतील. शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा असतो. तू तो काढ आणि सकाळी तासभर मला शेजारी बसवून चालव. मी बोलणार नाही, वही आणणार नाही. सहा महिने मीही तुझ्या घरात शिकाऊ आहे असं समज. मुदत संपली की तू माझी परीक्षा घे. नापास केलंस तर मी पत्र लिहून धाकटीला बोलावून घेईन आणि तुझ्यावर रागावणार नाही.

सूनबाईंना आशीर्वाद. दाराच्या बाबतीत त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

लोभ ठेवायचा की नाही, हे सहा महिन्यांनी ठरव.

तुझा,
अण्णा

सोबत: वहीतलं एक पान. खालचा शब्द खोडून वर पास असं लिहिलं आहे आणि आजची तारीख घालून सही केली आहे.