शेंदराखालचा दगड

६ फेब्रुवारी १९६४, गुरुवार

परवा चुकीचं लिहिलं. रोडाचा दगड पहिल्यापासून आमच्या पिंजारी गल्लीत होता, असं लिहून गेले. नव्हता! आधी तो रस्त्याच्या पलीकडं होता — महालिंगप्पांच्या तेलगिरणीच्या मागच्या भिंतीशी. मी नऊ-दहा वर्षांची असेन. पेंड आणायला गेले, त्याच्यावर बसले, त्यात कोरलेल्या बाणावरून बोट फिरवत राहिले. त्याला फासलेला चुना अजून ओला होता. दुसऱ्या दिवशी धुणं धुताना माझा परकर बघून अव्वा कडाडली. ते विसरणं शक्य नाही.

दगड जिथं, तिथवर रस्ता — सोलापूर-हैदराबाद रोड रुंद करायला आलेल्या माणसांचा तो हिशेब होता. मग दगड गिरणीकडं असताना रोडाखाली आमची गल्ली कशी गेली?

हे सगळं वर आलं ते बाबामियाँ पिंजाऱ्यांच्या बायकोमुळं, जमिलाबींमुळं. सोमवारी लोहाऱ्याहून आल्या होत्या. रोजा होता, पाणीसुद्धा घेतलं नाही. "वो बोलते, कमान टांगूंगा तो अपनेच गाँव में." बाबामियाँना इथं कमान टांगून कापूस पिंजायला एक खोपट टाकायचंय. पंच नाही म्हणतात. ज्यानं देवाला दगड म्हटलं, त्याला गावात जागा नाही!

९ फेब्रुवारी, रविवार

बाबामियाँची कमान सुरू झाली की गल्लीभर कापूस उडायचा. दुधावर, भाकरीवर, बायकांच्या केसांवर. गल्लीतली नसीमबी आजी म्हणायची, "देखो, सब मेरी उमर के हो गए!" ती गल्ली आता डांबराखाली आहे. वरून ट्रक जातात.

राहिला तो दगड. रस्त्याच्या कडेला, शेंदूर फासून. महालिंगप्पांनी वर पत्रा टाकून दिलाय. ट्रकवाले नारळ फोडतात.

आज आत्याला विचारलं, पहिला शेंदूर कुणी लावला?

"म्याच की. सकाळी बाबामियाँच्या पाठभितीला शेण्या थापाय गेले, तर काल न्हवता त्यो देव उभा! शेंदूर लावू न्हाय तर काय चहा पाजू?"

"मग रोडाच्या साहेबानं विचारलं, दगड हलवलाय का, तेव्हा सांगितलं का नाही?"

"आगं, सांगितलं असतं तर उचलून न्हेला असता त्यानं! सगळ्या गल्लीनं शपथ घेतली — देव जागचा हलला न्हाय. देवाला बघून रोड वळंल, असं वाटलं बाई."

रोड वळलाच. आमच्या अंगावर!

एकटे बाबामियाँ म्हणत होते — हा सरकारी दगड आहे, काल पलीकडं होता, परत नेऊन ठेवा. लोकांनी त्यांची कमान मोडून चुलीत घातली आणि त्यांना गावाबाहेर काढलं.

आत्या वर मलाच म्हणते, "शाळा शिकून देवाची झडती घेतीस व्हय गं?"

१० फेब्रुवारी

आत्या खोटं बोलत नाही. पण दगडाला पाय नसतात.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेतून येताना देवाजवळ थांबले. शेंदराची एक खपली सुटलेली. आजूबाजूला बघितलं, नखानं आणखी थोडी काढली. खाली बाण. तोच! नमस्कार करावा की नाही, कळेना. केला.

गिरणी वाचली महालिंगप्पांची. म्हणजे काम त्यांचंच. पण तेव्हाही ते काठी टेकत चालायचे. दगड उचलला कुणी?

आणि याच घरात मला द्यायचं ठरलंय! त्यांचा धाकटा, बंडप्पा. तो वाईट नाही. पण गिरणीच्या मुकादमाची मुलगी मालकाच्या घरात — देणंघेणं काही नाही, स्वतः मागणी घालून. सगळे म्हणतात, पोरीनं नशीब काढलं. घरात शाळेत गेलेली मी पहिली, म्हणून मागितली असेल? मला तेही खरं वाटत नाही आता.

आणखी एक. गल्लीतल्या सगळ्यांना माळावर जागा मिळाली. आम्हाला गिरणीला लागून. का?

१९ फेब्रुवारी, बुधवार

अव्वा असती तर विचारलं असतं. ती जाऊन तीन वर्षं झाली.

आपण उगाच संशय घेतोय का? एखाद्यावर नाहक आळ घेणं पाप आहे. पण बाबामियाँवर घेतला, त्याचं काय?

२३ फेब्रुवारी, रविवार

आप्पांना विचारलं. ते ओट्यावर तंबाखू मळत होते.

"आप्पा, तो दगड आधी गिरणीकडं होता ना?"

अंगठा थांबला. मग पुन्हा मळायला लागले. "ल्हान हुतीस तू. तुला काय आठवतंय."

"बाबामियाँ खरं बोलत होते."

"मास्तरीण झालीस म्हणून बापाची शाळा घेऊ नगं. साखरपुड्याची आवतनं गेल्यात. रविवारपत्तोर गप ऱ्हा." हात झटकले आणि उठले.

ओट्याच्या कडेवर त्यांच्या अंगठ्याचा पांढरा ठसा राहिला. चुन्याचा.

तो बघत उभी राहिले आणि अव्वाचं ते वाक्य सगळंच्या सगळं आठवलं. इतकी वर्षं अर्धंच आठवत होतं — माझ्यापुरतं. परकर आपटता आपटता तिनं बादलीतून दुसरं कापड वर काढलं होतं. आप्पांची बंडी. छातीवर, दोन्ही बाह्यांवर चुना.

"बाप न् लेक, दोघंबी चुन्यात लोळून आलाव का गं?"

आप्पा तेव्हा गिरणीत हमाल होते. तेलाचं भरलेलं पिंप एकटे उचलायचे. मुकादम झाले ते गल्ली पाडल्यावर.

२६ फेब्रुवारी, बुधवार

रविवारी, १ मार्चला, दुपारी माझा साखरपुडा आहे. पंच येतील. त्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं मी लोहाऱ्याला जाणार, बाबामियाँना घेऊन परत येणार. मग सगळ्यांसमोर सांगणार. आधी आप्पांचं नाव.