हंबीरोबाच्या कानात सांगितलेलं नाव

कोल्हापूर, विसर्जनाला दोन दिवस, २००१

तीर्थस्वरूप हंबीरमामा यांच्या पायावर भाचा कृष्णात याचं डोकं (एकच हाय, तेबी रिकामं, असं आई म्हणती).

आमी समदी खुशाल. तुमची तब्येत कशी हाय? गुडघा कसा हाय? म्हशी दूध देत्यात का? दर पत्रात ह्ये मी हात सुटंल तसं लिवतो. ह्या खेपेला थांबून थांबून लिवलंय, तेवढं ध्यानात घ्या.

औंदा आमच्या मंडळानं हलता देखावा केलाय. बाकीच्यांचं किल्लं आन लढाया, आमचा ठरला जमिनीखालचा मुलूख, कुठल्याच पोथीत नसलेला. तिथलं देव धडानं माणूस, मुंडक्यानं जनावर. मुंडकी केली संगमेशनं (शिरोळकडचा, बेंदराच्या सणाला मातीचं बैल करतो, बोलतो कमी). नावं आन पदव्या माझ्याकडं, कारण अख्ख्या गल्लीला टोपणनावं मीच ठेवलीत. तरसाच्या तोंडाचा तरसोबा, ‘सगळ्यांच्या मागनं हसणारा’. वटवाघळाच्या तोंडाची उलटाई, ‘निजलेल्यांची राखणदारीण’. रेड्यापाशी येऊन अडकलो. रेडा म्हटलं की म्हैस, म्हैस म्हटलं की तुमी (राग मानू नका, तुमचा गोठा म्हणायचं हुतं). म्हणून त्येचं नाव हंबीरोबा. पदवीबी तुमचीच, ‘मागंल ते देणारा’. लहानपणी मी मागितलं आन तुमी दिलं न्हाय, असं कवा झालं? पायातलं पायताण मागितलं तर अनवाणी राधानगरीला गेलता की.

चूक पुढं झाली. पोरं म्हणाली, नाव ठेवलंय तर बारसं करू. मग मीच आईचं लुगडं डोक्यावर घिऊन आत्या झालो, रेड्याच्या कानाला तोंड लावून नाव सांगितलं, आन पोरांनी कुर्रर करून माझ्या पाठीत बुक्क्या घातल्या. मुंडकं आतनं पोकळ, त्यात आवाज घुमणार हे मला कळतंय (नववीत दोनदा बसलोय, एवढं शास्त्र येतं). पण घुमून नाव आलं न्हाय, मामा. हाक मारल्यावर तुमी गोठ्यातनं ‘व्हय’ देता न्हवं, तसं ‘व्हय’ आलं. पोरं बुक्क्या घालण्यात दंग हुती. संगमेशनं ऐकलं. तवापासनं रोज येऊन त्या कानात तो कापूस कोंबतो, आन रोज सकाळी कापूस खाली पडल्याला असतो.

स्पीकरवर समद्या देवांची माहिती सांगायला मीच. पयल्याच दिशी वडं तळणाऱ्या बयाबाईनं हंबीरोबाला हात जोडलं, गुडघा बरा कर म्हणाली. मी पडद्यामागं तोंडात रुमाल कोंबून हसतोय. दुसऱ्या सकाळी बाई जिना पळत चढली. त्याच सकाळी दुधाच्या टेंपोवरचा आकाराम तुमच्या गावासनं आला आन म्हणाला, मामांनी गुडघा धरलाय, काठी घेतलीय. तवाबी मी हसलो. तिसऱ्या दिशी, मालकानं मागणं घातलं म्हणून, खालच्या गल्लीतली आटल्याली म्हैस पान्हावली, आन आकाराम म्हणाला, मामांची चंद्री एकाएकी आटली. मग न्हाय हसलो. पाटीवरची पदवी खोडून ‘काय मागू नये’ असं लिवलं. लोक म्हणाले, देव कडक हाय. रांग डबल झाली.

आन काल बाळासो आला, आमच्या शेजारचा. त्येचा बाप आण्णा, आठ दिवस डोळा उघडला न्हवता, डॉक्टरनं घरी न्ह्या म्हणून सांगितल्यालं. बाळासो रेड्याच्या पायाशी बसला आन म्हणाला, “बापाला उठीव. बाकी काय नको.”

मी पळत जाऊन देखाव्याच्या मोटारीची वायर उपटली. रेड्यानं मान हलवायला नको म्हणून. समदे देव जागच्या जागी थांबले. तरसोबाचा जबडा अर्ध्यात ऱ्हायला. हंबीरोबाची मान तेवढी खाली आली, हळू, नको वाटत असताना तुमी व्हय म्हणता तशी.

आज सकाळी आण्णा उठून बसला. बशीत वतून चा पिला. गल्लीत पेढं वाटलं, माझ्या वाट्याचा खिशात तसाच हाय. आकाराम कालपासनं आला न्हाय. धरणाचं पाणी सोडलंय, रस्ता बंद, तुमच्याकडचा फोन मुका. रस्ता सुटला की पोष्टाच्या थैलीतनं आधी ह्येच पोचावं.

मामीला नमस्कार. चंद्रीच्या पाठीवरनं हात फिरवा.

तुमचा,
कृष्णात

ता. क. मंडळ मुंडकी पंचगंगेत सोडणार हुतं. हंबीरोबाचं मी सोडू देणार न्हाय, पळवून आणलंय. आत्ता माझ्यासमोर कॉटवर हाय, गोधडीत गुंडाळून. मी त्येच्याकडं कायबी मागत न्हाय, पाण्याचा तांब्यासुदिक स्वतः उठून घेतो. आई म्हणती पोरगं सुधारलं.

ता. क. दुसरा. संगमेश म्हणतो, ज्याचं नाव त्यानंच येऊन ह्या कानात ‘न्हाय’ म्हणायचं, मग सुटतंय. तवा पत्र मिळताच निघा. तुमास्नी न्हाय म्हणता येत न्हाय हे म्हायीत हाय, वाटंत एस्टीत सराव करा. कंडक्टरपासनं सुरू करा.

ता. क. तिसरा. निघायला जमत नसंल तर उत्तर तरी धाडा, पर तुमच्या हातानं. दोन वळी चालतील, अक्षर वाकडं चालंल. मामीच्या अक्षरातलं पाकीट आलं तर मी फोडणार न्हाय.