राणीचा दरवाजा

औरंगाबाद, १९५८

ती. भावोजींस साष्टांग नमस्कार.

मी मनानं रचलेल्या मेरवाळ खंडाचा प्राचीन इतिहास तुम्ही छापायला घेतलात, उपकार झाले. पण तुम्ही लिहिता, "पाच हजार वर्षांपूर्वीची राणी 'दरवाजा उघडा' म्हणते? फारसी बिलकुल नको. 'द्वार' करा."

भावोजी, त्या खंडात फारसी पोचली नव्हती, तर तुमची संस्कृत कोणत्या जहाजानं उतरली? आणि 'बिलकुल' तुम्हाला कुठल्या वेदात सापडलं?

पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला. शहराच्या तटाचे दरवाजे इथंच राहिले. आम्ही रोज त्यांतूनच भाजीला जातो. माझी राणी वेढ्यात तटाबाहेर अडकलेल्या उपाशी माणसांसाठी किल्ला उघडवते. ती 'द्वार उघडा' म्हणाली, तर पहारेकरी भजनाचे टाळ शोधत बसेल.

आई म्हणते, "लई ताठा बरा नाय, पोरी. जावईबापू छापू लागले ना?"

तुम्ही सोडलंत तर हे पुस्तक दुसरं कोणी छापणार नाही, ठाऊक आहे. तरी शब्द बदलणार नाही. 'हस्तलिखित परत पाठवा,' एवढंच उद्या कार्डावर कळवीन. हे पत्र मात्र ट्रंकेत राहील. ताईला तुमच्याच घरात नांदायचंय.

नावात द्वार असूनही दरवाजा न सोडणारी,
तुमची मेहुणी
द्वारका