कॉलरमधले तीन टाके

१२ सप्टेंबर, सोमवार

महासंघाचं पत्र आलं. रविवारच्या सामन्यात काळी फीत बांधायची नाही.

कारण काय, तर म्हणे फीत फक्त खेळाशी संबंध असलेल्या माणसासाठी. गेलेला खेळाडू चालतो, पंच चालतो, महासंघाचा एखादा म्हातारा अध्यक्षसुद्धा चालतो. शिलाई कारखान्याचं छप्पर कोसळून गेलेल्या एकोणीस बायका चालत नाहीत. त्यांचा खेळाशी संबंध नाही! मग आमच्या हॉकीच्या पोरी इतकी वर्षं मैदानात उघड्या धावत होत्या का? एकूण एक जर्सी त्या छपराखाली शिवलेली. आणि त्या एकोणिसांत माझी धाकटी बहीण.

मॅनेजर पत्र वाचताना माझ्याकडे बघत नव्हते. "ताई, नियम म्हणजे नियम." मी संघाचे मोजे जुळवत राहिले. एका घडीत दोन वेगवेगळे मोजे गेलेत, हे आत्ता आठवतंय.

१३ सप्टेंबर

रडले नाही. रागाने जेवण गेलं नाही, एवढंच.

१४ सप्टेंबर

आज कोठीतल्या सगळ्या जर्स्या उलट्या करून पाहिल्या. चौसष्ट. एकीतही टाका नाही.

असणार कुठून? कारखान्यात प्रत्येकीचा रंग ठरलेला. जर्सी पुरी झाली की कॉलरच्या आत आपल्या रंगाचे तीन टाके घालायचे – खोट निघाली तर कोणाची ते कळावं म्हणून. बहिणीचा रंग पिवळा, आणि तिचा तिसरा टाका कायम तिरका. पण ते टाके मानेला टोचतात, पोरी कुरकुरतात. म्हणून गठ्ठा आला की माझं पहिलं काम – बारीक कात्री घ्यायची आणि टाके उडवायचे. नऊ वर्षं! बहीण हसायची. "मी घालते, तू काढ. दोघींचं पोट भरतंय ना." माझ्या टापटिपीचं केवढं कौतुक होतं सगळ्यांना. जळो ती टापटीप. तिच्या हातचा एक धागा ठेवला नाही मी.

नाहीतर तो रविवारच्या पाहुण्या संघाचा कपडेवाला – आळसाचा पुतळा. त्यांच्याही जर्स्या त्याच कारखान्यातल्या. हा गठ्ठा फोडतो आणि तसाच वाटून मोकळा होतो. मागच्या दौऱ्यात त्यांच्या मुली माना खाजवत होत्या, तर म्हणतो कसा, "खेळायला आल्यात, झोपायला नाही." तेव्हा मी त्याला नावं ठेवली होती.

१५ सप्टेंबर

कप्तान कोठीत आली. दार लावलं. "ताई, फीत नको ना त्यांना? राहिली. नियमात फीत आहे, बिल्ला आहे, अक्षरं आहेत. टाक्यांबद्दल काही लिहिलंय?"

नाही लिहिलेलं. मी दोनदा वाचलं.

"मग घाला. आतून नाही हं, बाहेरून. दिसू देत."

वय बावीस, आणि डोकं असं चालतं! मला हे सुचू नये?

१६ सप्टेंबर

बहिणीच्या शेजारच्या मशीनवरची बाई वाचली. त्या दिवशी मुलाच्या शाळेत दाखला आणायला गेली होती. आज तिच्याकडे जाऊन बसले. डोळे मिटून, मशीनच्या रांगेप्रमाणे एकेक रंग सांगत गेली. खिडकीशी जांभळा. तिच्यामागे राखाडी – "ती फार बडबडायची." दाराशी दोघी जावा, एक निळा, एक आभाळी, एकमेकींशी अबोला. शेवटी म्हणाली, "पिवळा तर तुम्हाला माहीतच आहे."

रंग एकोणीस, आणि संघात मुली अठरा. कप्तान म्हणाली, मी दोघींचे घेते. मी नाही म्हटलं. एका मानेला एकच. आणि कोणी मागे राहायचीच असेल तर माझ्या घरची राहील. आपलं माणूस म्हणून रांगेत पुढे घुसवायचं नाही. पिवळे टाके माझ्या जाकिटावर घातले. बसेल माझ्याशेजारी बाकावर.

लिहिलं सहज, पण पिवळा दोरा सुईत पाचदा ओवावा लागला.

१७ सप्टेंबर

मॅनेजरांनी जर्स्या पाहिल्या. "ताई, माझ्या नोकरीवर बेतेल."

"सांगा, मला न विचारता केलं. खोटंही नाही ते."

"आणि तुमचं काय?"

"माझी कात्री माझ्याजवळ आहे. कुठेही पोट भरेल."

गेले. दार आदळलं नाही, म्हणजे होकारच समजायचा.

१८ सप्टेंबर, रविवार

सामन्याआधी तपासनीस आला. कॉलरवर बोट ठेवून, "हे काय?"

"टाके. कपड्याला असतातच."

"अठरा जणींना अठरा रंग?"

"बायकाही वेगवेगळ्या होत्या."

काढा म्हणाला. मी बारीक कात्री त्याच्यापुढे धरली. नऊ वर्षं मीच काढले, आता तुम्ही काढा. कप्तान त्याच्यासमोर मान वाकवून उभी राहिली. तिच्यामागे सगळ्या, रांगेत, माना वाकवून. त्याने कात्री बोटांत घातली. जांभळ्या टाक्यापर्यंत नेली. मग परत दिली आणि वहीत बराच वेळ काहीतरी लिहीत बसला.

हरलो. दोन-शून्य. दोन्ही गोल त्यांच्या चौदा नंबरच्या मुलीने घातले. पळते मात्र झकास, मेली.

संध्याकाळी निकाल कळला. मला वर्षभर मैदानात यायला बंदी. असू दे. टाके जागेवर आहेत. फक्त पिवळे तेवढे बाकावरच राहिले, ते लागलं मनाला.

१९ सप्टेंबर

सामान बांधत होते, तर आळसाचा पुतळा दारात. हातात चौदा नंबरची जर्सी. न धुतलेली, अर्थातच. माझ्या जाकिटावरच्या टाक्यांकडे बोट दाखवलं आणि जर्सीची कॉलर उलटी केली.

तीन टाके. पिवळे. तिसरा तिरका.

म्हणजे काल ती बाकावर नव्हतीच. मैदानात होती. दोन गोल घातले, तेही आमच्यावर!