बाईचा वरचा सूर

लिंबायत, सुरत
१८ मार्च १९९७

प्रिय शालिग्राम,

तुझ्या दोन पत्रांना मी उत्तर दिलं नाही, दोन वर्षं होत आली. राग होता, आणि नंतर लाज. हे पत्र तरी तुला मिळेल ना, याची आत्तापासूनच काळजी लागली आहे. पत्ता अमळनेरचाच घातला आहे. बदलला असेल तर पोस्टमन काय करेल कोण जाणे.

रेडिओवर ऐकलेल्या गाण्यावर दर महिन्याला लिहितो तो माझा कागद अजून चालू आहे, हे आधी सांगतो. ‘गाणारी माणसं’ हे नावही तेच. साडीच्या घडीत घालतात त्या कागदावर, कार्बन लावून चार प्रती. एक चहावाल्याच्या भिंतीवर, एक वाचनालयात, एक गोडादऱ्याला, एक डिंडोलीला. सहा वर्षांत एक महिना चुकला नाही. आता मी कारखान्यावर वॉचमन आहे, बारा तास ड्युटी. रविवार तेवढा माझा. रेडिओचे सेल मंदावले की उन्हात ठेवतो, तासभर निघतो.

तुला आठवतं का, पहिल्यांदा ते परदेशी स्टेशन आपल्याला चुकून लागलं होतं? हिंदीत आधी गोष्ट सांगितली, मग ऑपेरा सुरू झाला. त्या नाटकात कोणी साधं बोलतच नव्हतं. तू म्हणालास, यांना पाणी मागायचं तरी गाऊनच मागावं लागतं. मग त्यातली बाई वरच्या सुरात चढली. तिचा आवाज मागावरच्या धोट्यासारखा जातो, तू म्हणालास, या टोकाहून त्या टोकाला, आणि धागा तुटत नाही. माझ्या पहिल्या कागदात मी तेच लिहिलं, तुझं नाव न घालता. तेही आज कबूल करतो. चौथी शिकलेल्या माणसाला एवढं मोठं काही ऐकायला मिळावं, याचं मला अजून नवल वाटतं. त्या देशातल्या कोणाला माहीत नसेल की इथे एक म्हातारा त्यांच्यासाठी सेल उन्हात ठेवतो.

मग तू गावाला निघालास त्या दिवशी चहावाल्यासमोर म्हणालास, ‘तुले काय समजस त्यामा?’ सगळे हसले. मला ते लागलं. पण आता जे झालं ते ऐक.

दिवाळीनंतरच्या कागदात मी एका ऑपेराबद्दल लिहिलं. त्यात मुलगा मेल्याची बातमी येते तेव्हा आई एकदम गप्प होते, नुसती व्हायोलिनं वाजत राहतात. त्या गप्प बसण्यावर मी पानभर लिहिलं. इतकं चांगलं मी कधी लिहिलं नव्हतं. शेजारच्या उषाबाई, साड्यांवर टिकल्या लावतात त्या, भिंतीपलीकडून माझा रेडिओ ऐकतात. चहावाल्याकडे कागद वाचून आल्या आणि म्हणाल्या, ‘वाल्मिकभाऊ, ती गप्प कुठे झाली? तेव्हाच तर सगळ्यात वर गेली. माझी सुई हातातच राहिली.’ मी म्हटलं, टिकल्या मोजा तुम्ही.

पुढच्या रविवारी मात्र त्यांना समोर बसवलं आणि सांगितलं, बाई गात असेल तोवर हात वर ठेवा. त्यांनी हात वर केला. मला नुसती व्हायोलिनं ऐकू येत होती. हात खाली येईना. त्यांचे डोळे भरले होते, शालिग्राम, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. समोर केवढं तरी चाललं होतं, आणि ते मला त्यांच्या तोंडावरच दिसत होतं.

डॉक्टर म्हणाले, मागाच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढली की बारीक, वरचे आवाज आधी जातात, ते परत येत नाहीत. मला कसं कळलं नाही? आपण कारखान्यात ओठांवरूनच बोललो सगळा जन्म. घरीही मी तसाच चालवून घेत होतो. रेडिओला ओठ नसतात. आणि तू कानात कापूस घालून यायचास, तेव्हा तुला ‘कापूसभाऊ’ म्हणून सगळ्यात जास्त मीच हसलो होतो.

म्हणून हे लिहितो आहे. त्या पानाची चूक मला पाडव्याच्या कागदात दुरुस्त करायची आहे, आणि त्या आईने काय गायलं ते मला लिहिता येत नाही. उषाबाईंना विचारलं तर म्हणतात, अंगावर काटा आला, पुढे काही नाही. शब्द तुझ्याकडे होते, पहिल्यापासून. तोच ऑपेरा या रविवारी अडीचला पुन्हा लागणार आहे, स्टेशन तेच. तू ऐक. ती कुठे चढली, कुठे थांबली, खरंच थांबली का, ते लिही. पुरुषांचे आवाज मला अजून येतात, तेवढं मी लिहीन. बाईचं तू लिही. या वेळी तुझं नाव वर घालीन. सेल आधीच बघून ठेव. आणि राग असला तरी सोमवारीच टपालात टाक, दोन ओळी का असेनात. मी पोस्टमनची वाट बघतो आहे. त्याची घंटाही आता ऐकू येत नाही, म्हणून दारातच बसतो.

तुझाच,
वाल्मिक