नातेवाईकाला बाहेर ठेवायचं म्हणजे

चि. धाकटीस, थोरलीचे उरलेसुरले सगळे आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत, एवढंच सांगते. घरात ज्यांच्याशी सध्या बोलतेस त्यांना माझी आठवण सांग. पत्र नेहमीप्रमाणे नात लिहिते आहे. सांगते तस्संच लिहिते म्हणते. मला पडताळून बघता येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

तर हिच्या नोकरीचं ऐक. इथल्या मोठ्या दवाखान्यातले रिपोर्ट सोमवारपासून फोनवर दिसणार आहेत, आणि कोणाचा रिपोर्ट कोणाला दिसावा नि कोणाला नाही, हे तपासायचं काम हिच्या गळ्यात. त्यासाठी ही खोटी माणसं तयार करते. खोटा डॉक्टर, खोटी नर्स, खोटा नातेवाईक. एकेकाला दाराशी धाडायचं. ज्याला सोडायला हवं त्याला सोडलं, ज्याला हाकलायला हवं त्याला हाकललं की पडद्यावर हिरवं, उलटं झालं की लाल. (माझ्या सासूबाईंना यातलं काही लागत नसे. त्या उंबऱ्यातच बसत.) डॉक्टर हिरवा, नर्स हिरवी, आणि हा मेला नातेवाईक लाल! पेशंटाने परवानगी दिलेली नसताना सरळ आत. म्हटलं, नातेवाईकच तो, कडी वाजवून कधी आलाय? ती हसली नाही, नखं खात बसली. वर तिचा साहेब म्हणतो, एवढं एक लाल राहू दे, पुढच्या खेपेला बघू.

धाकटे, तेव्हापासून मी चहा नेते नि विचारते, नातेवाईक गेला का बाहेर? भाजी निवडते नि विचारते. काल तर न्हाणीच्या दाराबाहेरून विचारलं. आतून ओरडली, "आजी, तू माझी साहेब आहेस का गं?" संध्याकाळी नातेवाईक एकदाचा हिरवा झाला. मी हात जोडते तोवर हिने कपाळ बडवलं. दार असं घट्ट लागलं होतं की खुद्द पेशंटालाही आत सोडेना! आज दुपारी मात्र जमलं. पेशंट आत, नातेवाईक बाहेर. आता माझ्या घशाखाली घास उतरेल.

तुझी थोरली

ता. क. सोमवारी त्या दवाखान्यातून माझाही रिपोर्ट येणार आहे. छातीतल्या गाठीचा. शेजारणीबरोबर जाऊन आले, घरात बोलले नाही. (मुलगा माझ्याआधी अंथरूण धरेल.) आता तो रिपोर्ट माझ्याशिवाय कोणाला उघडायचा नाही. फक्त मला वाचता येत नाही, हे दार पक्कं झाल्यावर लक्षात आलं. तू चौथी शिकलीस. चष्मा घेऊन ये.

ता. क. दुसरा. नात थांबली आहे. "आजी, हे मीच लिहितेय ना," म्हणते. हो बाई, म्हणूनच सांगितलं. तोंडावर सांगायला जीभ रेटत नव्हती.

ता. क. तिसरा. येऊ नकोस, गुडघे सांभाळ. सोमवारी ही रजा काढतेय. बापाला सांगायचं नाही या अटीवर तिला परवानगी दिली, फोनवर अंगठा लावून. हिरवं आलं का विचारलं, तर म्हणते, डोळे भरलेत, दिसत नाही. (हे तिने लिहिलं की गाळलं, तूच बघ.)