बार कुणाच्या हुकमाने सुटला?

अहो,

उद्या सकाळी मला पुन्हा कोर्टात उभं राहायचंय, म्हणून लिहायला बसले. रत्नागिरीत मावशीकडे उतरलेय. अक्षर वेडंवाकडं येतंय. रागावू नका हं.

या वेळी खटला सिनेमा कंपनीच्या मालकावर आहे. मुंबईहून त्याचा बॅरिस्टर आलाय. म्हणे तो साक्षीदाराला असा गोंधळवतो, की माणूस स्वतःचं गावसुद्धा चुकीचं सांगतो. माझं कसं होणार?

तुम्ही का गेलात त्या कंपनीत? वेळणेश्वरच्या उत्सवातली नाटकं पुरे नव्हती? शाळेला सुट्टी पडली आणि मिशा वाढवायला घेतल्यात! "मूकपट आहे गं, पाठांतर नाही काही. मावळ्याचं काम. गोळी लागून पडायचं, बस्स!" केवढे खूश होतात! धाकट्या भावालाही ओढलंत. "सदू, तू शत्रूचा शिपाई हो." भावोजींनी तुमचा शब्द कधी मोडलाय का?

त्या दुपारी मी किनाऱ्यावर माडाखाली उभी होते. कंपनीच्या लाकडी बंदुकीतून धूर निघेना, म्हणून मालकाने कुणाच्या तरी बागेतून वानरं हाकलायची ठासणीची बंदूक मागवली. त्याच्या माणसाने तिच्यात दारू ठासली. भावोजी ती हातात घेऊन म्हणाले, आणि हे मी माझ्या कानांनी ऐकलं, "साहेब, ही बागेतली बंदूक. आत आधीचे छर्रे असतील. एकदा समुद्राकडे बार काढून बघूया."

मालक ओरडला, "ऊन उतरतंय! सगळं बघून घेतलंय मी. चालव म्हटलं की चालव!"

तुम्ही पडलात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेऱ्याचा दांडा फिरतच होता. मला मात्र कळलं. नाटकात पडताना तुम्ही नेहमी आधी गुडघा टेकायचात.

पोलिसांनी भावोजींना धरून नेलं. चाप त्यांनी ओढला होता ना! मालक म्हणाला, मी बंदुकीला बोटही लावलेलं नाही.

मग त्याचा वकील आपल्या ओटीवर येऊन बसला. किती गोड बोलला! "वहिनी, एवढंच सांगा, मास्तरांनीच हौसेने बंदूक भरली. गेलेल्या माणसाला काही शिक्षा होत नाही. तुमचा दीर घरी येईल."

सासूबाईंनी माझे पाय धरले हो! "गो बाय, तो गेला तो गेला. त्याला आता काय लागणार? ह्याला तरी सोडव."

मी काय करायला हवं होतं, सांगा ना! खरं बोलले आणि भावोजी तुरुंगात गेले तर? खोटं बोलले तर तुमच्या शाळेतली मुलं जन्मभर म्हणणार, मास्तर स्वतःच्या वेडेपणाने मेले. आणि ती कंपनी पुढच्या गावात जाऊन पुन्हा तेच करणार. चुलतसासरे तर दारातच आडवे आले. "वर्ष झालं नाही, आणि ही चारचौघांत उभी राहणार?" तरी मी गेले.

पिंजऱ्यात उभी राहिल्याबरोबर कारकुनाने विचारलं, "मयताचं नाव?" उखाण्याशिवाय कधी घेतलं होतं मी तुमचं नाव? मॅजिस्ट्रेट साहेब समजुतीने म्हणाले, "बाई, नाव सांगावं लागेल." घेतलं. मोठ्याने घेतलं! मग बाकीचं सगळं आपोआप तोंडातून आलं. भावोजींनी बार सोडला हेही सांगितलं, आणि त्याआधी ते काय म्हणाले, मालक काय म्हणाला, तेही.

मालकाचा वकील उठला. "माझ्या अशिलाने बंदुकीला हात लावलेला नाही."

"हात लावला नाही," साहेब म्हणाले, "पण तपासूही दिली नाही."

भावोजी सुटले. मालकावर खटला भरायचा हुकूम झाला.

आता तो बॅरिस्टर म्हणणार, दिराला वाचवायला बाईने ही गोष्ट रचली. कंपनीच्या माणसांनी जबाब फिरवलेत, एकटी मी उरलेय. मालक सुटला तर पुन्हा भावोजींना धरतील का? मावशी नाही म्हणते, पण तिला तरी कायद्यातलं काय कळतं?

आणखी एक सांगते, तुम्हालाच सांगते. भावोजी माझ्याबरोबर आलेत, बाहेर पडवीत बसलेत. त्या दुपारपासून मी त्यांच्याशी एक शब्द बोललेले नाही. पान वाढते आणि तोंड फिरवते. त्यांच्या हातांकडे बघवत नाही मला. कोर्टाने त्यांना सोडलं, माझ्याच साक्षीवर सोडलं. मी अजून सोडलेलं नाही.

उद्या जे ऐकलं तेच सांगेन, बॅरिस्टर कितीही ओरडला तरी. आणि निकाल कसाही लागो, परतीच्या बोटीत भावोजींच्या शेजारी बसेन आणि म्हणेन, "भावोजी, तुमचा दोष नव्हता." पिंजऱ्यात उभं राहण्यापेक्षा मला याचीच जास्त धास्ती वाटते. पण म्हणेन. तुम्हाला शब्द देते.

तुमचीच,
यमुना